हाडं मोडायला सेलरीची जुडी

तो क्वा वानच्या गल्लीत, रंगाच्या गोदामावर,
दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ.
सकाळी मुई-फोंगबाई बाजारातून यायच्या,
दोन्ही हातांत पिशव्या,
भाजीवाला रोज विचारायचा, घरात माणसं किती हो तुमच्या?
त्या म्हणायच्या, आज सतरा.
संध्याकाळपर्यंत एकच उरेल.

सिनेमे तेव्हा मुकेच उतरवायचे.
नायक लाथ झाडायचा, टेबलं फुटायची, ओठ हलायचे,
आणि सगळं माशांच्या टाकीतल्यासारखं.
आवाज आम्ही मागून भरायचो.

जबड्यावरचा ठोसा म्हणजे डुकराचं मांस, ओल्या फडक्यात.
पोटातला वेगळा, तो कोबीचा.
काठीचा सपकारा वेताचा. बाह्यांची फडफड
बाईंच्या लग्नातल्या चादरीची, ती फाटेपर्यंत वापरली.
बरगडी मोडायला सेलरीची जुडी,
काडकन, पण ताजीच हवी.
शिळी म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखी कुरकुरते,
ती खलनायकाच्या गुरूसाठी बाजूला ठेव.

रात्री त्याच मांसाचं सूप.
दिवसभर मार खाल्लेलं लवकर शिजतं, म्हणायच्या,
आणि मला हाडाचा तुकडा वाढायच्या.

मी एकोणीस वर्षांचा. एकदा विचारलं,
तुमची सगळ्यांत आवडती मारामारी कोणती?
मला वाटलं, म्हणतील, नूडल्सच्या दुकानातली,
दोघी बहिणींची,
जिच्यात चाळीस माणसं आडवी होतात
आणि वाटी एकही फुटत नाही.
(माझी तीच. अजूनही.)

त्या फरशीवरचे सेलरीचे तुकडे वेचत होत्या.
म्हणाल्या, जिन्यावरची.

यिम ची-लाप नायकाच्या जागी पडायचा.
तिसऱ्या मजल्यावरून दुकानाच्या कापडी छतावर,
छतावरून गवताच्या गाडीत,
असं ठरलं होतं.
छत फाटायचं नव्हतं. फाटलं.
गाडी दोन हात पलीकडे राहिली.
दिग्दर्शकानं दृश्य ठेवलं, चांगलं आलं होतं म्हणून,
आणि रीळ बाईंकडे आलं.

तांदळाचं पोतं टाकून पाहिलं. धप्प. साफ खोटं.
कलिंगड टाकलं. लोक हसले असते.
मग स्वतःच टेबलावरून पडल्या,
कोपर भोपळ्याएवढं सुजलं, आवाज काही जमेना.
अकरा वेळा ची-लाप पडद्यावर पडला.
बाराव्यांदा त्यांनी यंत्र बंद केलं
आणि बस पकडून दवाखान्यात गेल्या.

तो कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये.
कसा आवाज आला रे तुझा?
हे असलं कुणी विचारतं का, मी म्हणालो.
मग काय संत्री घेऊन जायची होती, त्या म्हणाल्या.
तोही बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
माझा काहीच नाही आला, म्हणाला.
समोर चहाच्या दुकानात कुणीतरी
कप बशीवर ठेवला.
तेवढाच ऐकू आला.

तर त्यांनी आपलाच कप घेतला,
जाड, कड उडालेला.
टिक्.
एवढंच भरलं त्या पडण्यात.
निर्माता ओरडला, पैसे कापीन म्हणाला, कापलेही.

मी तो सिनेमा दुपारच्या खेळाला पाहिला,
शॅम शुई पोला, पाय पसरून बसणाऱ्या गर्दीत.
प्रत्येक ठोशाला आरोळी, शिट्ट्या,
आणि सगळं थिएटर टरबुजाच्या बिया फोडणारं.
जिन्याशी आलो.
छत फाटलं.
टिक्.
आणि बिया फोडायच्या थांबल्या.
किती वेळ, सांगता येत नाही,
कुणीतरी खोकल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

ची-लाप पुढे टॅक्सी कंपनीत फोन घ्यायचा.
त्यानं तो सिनेमा पाहिलाच नाही.
तिकीट महाग होतं, असं सांगायचा.

आता आवाज यंत्रातून निघतात, बटण दाबलं की बरगडी.
माझी तक्रार नाही, गुडघेही आता सेलरीचे झालेत.
फक्त सकाळी, चहाच्या दुकानात
शेजारच्या टेबलावर कुणी कप ठेवला
की मी आधी वर बघतो.