द्विवचन

नगर रोडच्या सेमिनरीपाशी मेन लाइन फुटली,
म्हणून गेलो. नाहीतर माझा आणि यवनांचा संबंध काय.
खड्ड्यात गुडघाभर चिखल,
आणि वरच्या खिडकीतून अकरा जण एका सुरात:
लुओ, लुएइस, लुएइ.
पाढे वाटले मला, कुठल्यातरी परमुलखातल्या आकड्यांचे.
फादर तुस्कानो, मूळचे वसईचे, चहा घेऊन खाली आले,
तेव्हा विचारलं, काय म्हणतायत पोरं?
ग्रीक, म्हणाले. पहिलं क्रियापद. सोडणे.
सोडतो, सोडतोस, सोडतो.

मी एकवीस वर्षं महापालिकेचा चावीवाला.
पहाटे चारला पर्वतीवरून निघालेलं पाणी
नारायण पेठेत सहाला,
टोकाच्या बोळात साडेसातला, करंगळीएवढं.
दोन्ही हातांनी चावी फिरवायची, सतरा आटे,
मग लोखंडाला कान लावून ऐकायचं
पोचलं की नाही.
हे क्रियापद माझंच होतं.
मंगळवारी संध्याकाळी वही घेऊन हजर झालो.

अकराचे सहा झाले, भूतकाळाच्या तिसऱ्या प्रकाराशी चार,
दिवाळीनंतर दोन.
मी, आणि कॅम्पातल्या शाळेत तीस वर्षं
भूमिती शिकवलेल्या झुलेखा तांबोळी.
जन्मभर फळ्यावर इति सिद्धम् लिहिलं, म्हणाल्या,
एकदा बघायचंय, त्यांनी काय लिहिलं होतं.
त्यांची अक्षरं कंपासने काढल्यासारखी.
माझी, पाइपच्या जोडासारखी, जरा गळकी.

पाण्याला तिकडे हुदोर.
आपलं उदक, फादर म्हणाले, चुलत भावंडं.
मी दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहिले
आणि त्या रात्री पाळीवर
झाकण उघडताना ते मोठ्याने म्हणून पाहिले.
खाली काळोखात
पाण्याला काहीच फरक पडला नाही.

मग द्विवचन आलं.
हात, डोळे, एका जुवाखालचे बैल,
दोनच असतात अशांसाठी वेगळं रूप.
लुएतोन, तुम्ही दोघं सोडता.
लुएतोन, ते दोघं सोडतात.
आणि आपण दोघं? बाईंनी विचारलं.
फादरनी चष्मा काढून पुसला.
त्याला रूप नाही.
कोष्टकात तिथे आडवी रेघ.
तिथे बहुवचन वापरायचं,
गर्दीत उभं राहायचं.

जुन्नरला जायचं फादरनीच काढलं,
आणि ऐन वेळी त्यांचाच गुडघा धरला.
वाकडेवाडीहून सातची एस.टी.
लेण्यांपाशी बाई दम खात खात
झेरॉक्सवरच्या ब्राह्मीवरून बोट फिरवत राहिल्या.
कुणा यवनाचं दान. काय दिलं?
सोनं नाही, खांब नाही.
बे पोढियो. पाण्याची दोन टाकी.
बे! बाई एवढ्यांदा हसल्या की पारवे उडाले.
बे एके बे! अहो, हे आपल्याकडेच आहे अजून!

आणि मग म्हणाल्या, बघा,
द्विवचन संपलेलं होतं तोवर,
दोन आहेत हे त्याला वेगळं सांगावं लागलं.

एका टाक्यात वेफर्सची पाकिटं.
दुसऱ्यात हिरवं, थंड पाणी.
मी सवयीने दगडाला कान लावला.
कुठून आला असेल, कुणाच्या भाषेत तहान लागली असेल,
या खडकावर उभं राहून
त्याने उदक सोडलं
आणि गेला.
काय ऐकू येतंय, बाईंनी विचारलं.
गळती नाही, मी म्हटलं.
पक्कं काम आहे.

परतीच्या गाडीत बसायला एकच बाक.
वहीतली ती आडवी रेघ
बाईंनी पेन्सिलीने गिरवली, पुसली नाही.
नारायणगावला कंडक्टर आला.
किती?
दोन, आम्ही एकदमच म्हणालो.
सुटे आहेत?
नाहीत, म्हणाल्या बाई,
आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.