साडेआठ मीटर

ओझुर्गेतीच्या बंद पडलेल्या चहा-कारखान्यात
जिथे पानं सुकवायचे, त्या खोलीत माझा स्टुडिओ आहे.
लाकडी भिंती आवाज फार उधळू देत नाहीत,
दमट दिवसांत मात्र अजून चहाचा वास सोडतात.
भाडं कमी.

सकाळपासून नवा इंटरफेस जोडतेय.
ड्रायव्हर दोनदा टाकला, एकदा काढला.
सॅम्पल रेट अठ्ठेचाळीस, क्लॉक आतलंच,
आणि हेडफोनमध्ये एक चिवट, चिकट घूंऽऽ.
केबल बदलली. टेबल सरकवलं. खालच्या दुकानाचा फ्रिज
बंद करायला लावून शिव्या खाल्ल्या.
शेवटी लॅपटॉपचा चार्जर उपटला,
तेव्हा कळलं
की खोलीत इतका वेळ कुणीतरी बोलत होतं.

वार्लाम आजोबा तोवर जिन्यात बसलेले,
टोपी गुडघ्यावर.
याच कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी काट्यावर पोती तोलली.
माझा हात नॉबवर पाहून म्हणाले,
"फिरवताना श्वास धर, त्सिरा.
मी तोलताना धरायचो."

गेनचं दुधासारखं असतं:
हिरवं, पिवळं, आणि पाठ फिरवली की लाल.
मग फँटम, अठ्ठेचाळीस व्होल्ट.
लाल ठिपका पेटला, माइक जागा झाला,
पत्र्यावरचं कबुतर, आजोबांच्या छातीतली शिट्टी,
सगळं आत येऊ लागलं.

गाणं तिघांचं.
वरचा आवाज सात वर्षांपूर्वी तुर्कस्तानात कामाला गेला,
पत्ता बदलत राहिला, मग तोही कळवेना.
मधला अंब्रोसी, आजोबांचा धाकटा भाऊ.
त्याला फेब्रुवारीत पुरला.
उरला खालचा, ज्याला आम्ही बानी म्हणतो,
ज्याच्यावर बाकीचे दोघे उभे राहतात.

पहिल्याच ओळीला आजोबा थांबले.
"मागे कोण आहे?"

कुणी नाही, तुमचाच आवाज.
यंत्रात जाऊन परत यायला त्याला जरा उशीर होतो.
बफर पाचशे बारावर राहिला, माझी चूक.
पंचवीस मिलिसेकंद.
आणि उगाच हुशारी दाखवत हिशेब करून सांगितला:
साडेआठ मीटर, म्हणजे अंगणाच्या त्या टोकाला,
विहिरीपाशी उभं राहून कुणी गायलं
तर इथवर पोचायला लागेल तेवढा वेळ.

चौसष्टवर आणला. तडतड झाली,
तापल्या तेलात पाणी पडावं तशी.
एकशे अठ्ठावीसवर बसला.
"आता?"
"आता कुणी नाही."

त्यांनी हेडफोन कानावर घट्ट केला, पुन्हा सैल केला.
"अंब्रोसी कायम मागे पडायचा.
लग्नात, मयताच्या जेवणात, कुठेही.
साठ वर्षं ओरडलो त्याच्यावर.
मघाचं ठेव."

म्हटलं, लय घसरेल.
"घसरू दे. मला सवय आहे."

तर पाचशे बारा.
ते गायले, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी
किंचित रेंगाळले,
विहिरीपाशी राहिलेल्या माणसाला गाठू द्यावं तसे.
तोही दर वेळी तेवढाच मागे.
ते आणखी रेंगाळले. तो आणखी.
मधेच एकदा आजोबा वैतागून त्याच्यावर खेकसले,
तेही रेकॉर्ड झालं.

टेक कामाचा नाही.
वरचे दोन आवाज बसवायला कुणी आलंच,
तर मला शिव्या देईल.
चार मिनिटं अकरा सेकंद. फाइलला अजून नाव दिलेलं नाही.

ते गेल्यावर आवराआवर केली.
साधी गोष्ट, शिकाऊ मुलं विसरतात:
वायर उपटण्याआधी फँटम बंद करायचा
आणि थांबायचं.
बटण बंद झालं तरी आत थोडी वीज उरते,
उतरायला तिला वेळ द्यावा लागतो.
मी तीसपर्यंत मोजते.
आज अठरावर की एकोणीसवर चुकले.
पुन्हा एकपासून धरलं.