दोन ओहम

मोसोरोत मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना टोचतात
आणि तांब्याची तार महिन्याभरात हिरवी पडते.
म्हणून मी प्रत्येक टोक आधी खरवडते,
मग कथील, मग नळी, मग लायटरची ज्योत.
घाई असेल त्यानं समोरच्या आरिस्तेउकडे जावं.

जिल्वानेई आला तेव्हा शनिवारचे चार वाजले होते.
जुनी फियाट, मागची सीट काढलेली,
तिच्या जागी दोन वूफर, बारा इंची,
पाहुण्यांना बसवावं तसे उशीवर बसवलेले.
एक त्याचा, एक भावाचा.
जोझुएल मनौसला गेला, गोदीवर कामाला.
जाताना म्हणाला, बसव दोन्ही, मी येईस्तोवर वाजव.
त्याला दोन वर्षं झाली.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर बारीक अक्षरात अट:
दोन ओहम, त्याखाली नाही.
दोनवर बाराशे वॅट,
चारवर सहाशे.

वूफर पालथे घातले.
प्रत्येकाच्या पोटात दोन वेटोळी, वेटोळं चार ओहमचं.
पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं मांडलं:
एकसर, म्हणजे एका सरीत ओवलेले मणी,
चार आणि चार आठ.
समांतर, म्हणजे एका गावाला दोन वाटा,
चार आणि चार
दोन.

माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.
तोंडं वाढली की पातेलं मोठं लागतं, म्हणायची.
तोंडं नव्हेत गं, दारं.
दारं वाढली की घर लवकर रिकामं होतं.
यावर ती गप्प झाली होती. आम्ही सहा भावंडं.

चारही वेटोळी समांतर: एक ओहम.
मध्यरात्रीपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरचा कोळसा.
चारही एका सरीत: सोळा. नुसती कुजबुज.
आधी ओवून मग वाटा फोडल्या: चार.
आधी वाटा फोडून मग ओवलं: पुन्हा चार.
पुठ्ठा उलटा केला, जणू मागे काही लिहिलेलं असेल.
एकट्याला दोन येतं,
चौघांनाही येतं.
दोघांना येत नाही.

तो टायरवर बसून राहिला.
मग म्हणाला, एकच लाव.
कुठला?
भावाचा.

मी हातातला पेचकस खाली ठेवला.
ऐक, म्हटलं. सहाशे दोघांत वाटले, तीनशे-तीनशे.
पण दोन पडदे एकाच हवेला खांदा लावतात
आणि अर्धं गेलेलं तिथे परत मिळतं.
एकट्याला बाराशे पाजलेस तरी कानाला तेवढंच.
वर वेटोळी गार राहतात.

मी समजूत घालतेय असं वाटलं त्याला.
चेहऱ्यावर दिसत होतं.
मग काय, दोनदा जोडलं.
आधी एकटा: मीटरवर एकशे एकतीस.
मग नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून पाहिलं,
दोघांचे पडदे एका श्वासात बाहेर येतात का,
नाहीतर एक ढकलतो, दुसरा ओढतो
आणि मधली हवा जागच्या जागी.
आले.
मग दोन्ही: एकशे एकतीस.
शेजारच्या दोना एउनिसेची खिडकी दोन्ही वेळा सारखीच शिव्या देत होती,
आणि तिच्या मागून दोना एउनिसे.

जिल्वानेई हसला नाही. फोन काढून
डिकीसमोर धरला, मिनिटभर, हात ताठ करून,
आणि मनौसला पाठवलं.

फोनच्या कानात एवढा खालचा सूर शिरत नाही.
मला माहीत होतं. सांगितलं नाही.

मी पट्टे आवळत होते तेव्हा उत्तर आलं,
मागे कुठेतरी क्रेन किरकिरतेय, भोंगा, माणसं,
आणि त्यातून एक बसका आवाज:
नंबर प्लेट सैल झालीय रे, वाजतेय.
घट्ट कर.

डब्यातून एक रबरी वायसर काढून दिला.
त्याचे पैसे घेतले नाहीत.