तेवीस खण

खानविलकरांचा नातू क्लॅरनेट टाकून गेला.
"पॅड बदला, काका. वाजतं झालं की विकून टाकतो."
मांडवीच्या या बोळात माझ्याकडे येतात ती
वरातीच्या बँडची पोचे आलेली पितळं,
आत गुलाल, कधी कुणाची विडी.
हे लाकूड निराळं. काळं, कोरडं,
घशाला भेग पडता पडता राहिलेली.

पेटीच्या मखमलीखाली घडी घातलेला एकच कागद.
नावाचा निम्मा भाग कसरीनं खाल्लाय,
उरलंय ते: 'शायर रॅप्सडी'.
मला वाटलं, असेल कुणी शायर.
नातू फोनवर बघून म्हणाला, शायर म्हणजे परगणा.
त्याखाली छापलेलं: दुसरा क्लॅरनेट.

दुसरा. म्हणजे चाल आधी ओबोकडे,
मग व्हायोलिनांकडे, मग साऱ्या पितळेकडे,
आणि कमाटीबागेतल्या बँडस्टँडवर
नारबा खानविलकर कडक कॉलरीत बसून
गप्प राहायचे खण मोजणार.
दोन सूर. अकरा खण गप्प. एक सूर, तोही हळू.

समासात पेन्सिल, मोडीकडे झुकलेली बाळबोध:
'साहेब म्हणाले, ही चाल तिकडच्या एका मेंढपाळाची.
कुणी सायकलवर वही घेऊन गेला, उतरवून आणली.
म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं. त्याला बिअर पाजली.'
खाली, दुसऱ्या कुठल्या दिवशी, शिसाला टोक काढून:
'विचारलं, त्याला हे साठ जणांचं ऐकवलं का?
साहेब म्हणाले, पान उलटा.'

उलटल्या पानावर
तेवीस खण रिकामे. छापील.
आणि त्यांत ठिपके.
दांडी नाही, शेपूट नाही, तालाचा पत्ता नाही,
पाच रेघांच्या मधे, काही तर रेघांच्या फटीतही न बसणारे,
नुसते चढत गेलेले:
'इथं विश्वामित्रीपलीकडचा भरवाड ऐकू येतो.
म्हशी काढतो पाण्यातून.
मगर दिसली की वरचा सूर लांबवतो.
हा सूर आमच्या बोटांत नाही.'

त्याचं नाव लिहिलेलं नाही.
त्याला काही पाजलं का, तेही नाही.

चौविसाव्या खणात चाल येते,
मेंढपाळाची, चारच खण, दुसऱ्या क्लॅरनेटकडे.
तिथं पेन्सिलीचं काहीच नाही.
फक्त श्वासाचा एक स्वल्पविराम,
इतका दाबून काढलेला की कागद फाटलाय.

पॅड बसवले. बुचाला मेण लावलं.
शटर अर्धं ओढून वाजवून पाहिलं:
दोन सूर. अकरा खण. एक सूर, हळू.
मग पान उलटलं आणि मोजायला लागलो.
ठिपके वाजवावेत की नाही, ठरेना.
बाहेर रिक्षा, कुकरची शिट्टी, कुणाचं तरी भांडण.

चहावाला पोऱ्या वाकून आत बघतो:
"काका, बंध थई गयुं?"

मी बोट वर करतो.
चौदा.
पंधरा.