ऐन आणि आळमी

कणकुंबीच्या वरच्या रानात
ऐनाच्या बुंध्याला फीत गुंडाळताना
गाल सालीला घासला.
सुसरीच्या पाठीसारखी, तडकलेली,
पण आतून गार.
पलीकडून इराण्णा ओरडला, "मत्ती. दोन मीटर दहा."
मी लिहिलं: ऐन. दोन मीटर दहा.
वही माझ्या हातात होती, एवढंच.

मग पांढऱ्या रंगानं आकडा, ४१७.
ऐन उभा.
त्याला सवय आहे मोजून घ्यायची.
खाली एक जुना हातोड्याचा शिक्का,
सालीनं निम्मा गिळलेला;
कुठल्या सरकारचा, ते आता वाचता येत नाही.

चांगुणा घाडी वारुळापाशी उकिडवी बसली होती.
तिच्यापुढं, काल काहीच नव्हतं तिथं,
वासराच्या कपाळावर शिंगं यावीत तशी
आळमी.
"किती आहेत?" मी पेन्सिल काढली.
"बोट दाखवू नगं. लाजत्यात. मागारी जात्यात."
इराण्णा वाकला. "अणबे?"
"आळमी."
दोघांच्या शब्दांत एवढंसंच अंतर,
द्रोणात मावेल इतकं.

मी आजवर झाडाच्या बाजूचा.
आमच्यात मोठं होणं म्हणजे जाड होणं,
दारावर पाटी, उताऱ्यावर नाव,
लांबून दिसणं.
आळमी पहाटे उगवते,
दुपारी काळी पडून पाणी होते.
हिचा घेर कुठं घ्यायचा?

चांगुणानं एक अलगद ओढली.
दांडा येतच राहिला,
वीतभर, हातभर,
आणि तुटला.
"बाकीची खाली हाय," ती म्हणाली,
"जी वर दिसली ती पावणी."

मग मला तो पडलेला दिसला. ४१८.
मागच्या खेपेचा आकडा अजून वाचता येत होता,
बाकी खोड वाळवीनं पोखरून
त्याच वारुळात नेलेलं,
पाला, साल, गाभा, घासाघासानं.
म्हणजे हे द्रोणातलं
पांढरं, ओलं, मातीच्या वासाचं,
ह्यात ऐन किती?
इराण्णाला विचारलं. तो म्हणाला,
"पडलेलं झाड यादीतून काढायचं."

शेऱ्याचा रकाना मी कोराच ठेवला.

चांगुणानं मूठभर आळमी
ऐनाच्या पानात बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.
राहिलेल्या चार तिनं तशाच सोडल्या,
कुणासाठी, ते बोलली नाही.

रात्री चौकीत इराण्णानं तव्यावर परतली.
मीठ जास्त झालं.
आम्ही तवा पुसून खाल्ला.