चोविसावा स्पोक

बोवेत्सच्या खाली, नदीला लागून आमचं गॅरेज.
माझ्या जन्मापासून ते जागचं हललेलं नाही,
वरून देशाचं नाव तेवढं बदललं.
दारावर अजून बाबानं रंगवलेला एकच शब्द: व्हल्कनायझर.
शेवटचं अक्षर पाटीत मावलं नव्हतं,
ते भिंतीवर उतरलंय.

झ्द्राव्को, माझा बाबा, म्हणायचा चाकं दोन जातीची.
एकाच्या पोटात ट्यूब असते,
दुसरं खोटं बोलतं.

ट्यूबला खिळा लागला की ती तिथंच सांगते.
फस्स.
मग तुम्ही वळणावर असा नाहीतर उतारावर,
मागचं चाक शेपटीसारखं हलतं,
तुम्ही तिच्या आईबापाचा उद्धार करत थांबता.
पण कळलेलं असतं.
ट्यूबलेस मात्र खिळा गिळून बसतं,
महिनाभर हिंडतं तुमच्यासोबत,
रोज सकाळी जरासं मऊ,
आणि विचारलं तर, काही नाही, थंडीनं.

मी हसायचे.
वर्शिचच्या घाटात, दगडी फरशीच्या वळणावर,
भर पावसात गुडघ्यांवर बसलेली मी होते, तो नव्हता.
सोबत व्होल्फराम नावाचा एक निवृत्त शिक्षक,
त्याची जुनी गाडी, तारांची चाकं,
दीड तास घालून लावलेलं पॅच,
आणि टायर परत चढवताना पट्टीनं ट्यूबचाच घेतलेला चावा:
सापाच्या दातांसारखी दोन भोकं, शेजारीशेजारी.
ट्यूबलेसला पाच मिनिटांत बूच मारून
लोक चहाला पोचतात.

म्हणून नोव्हेंबरात माझी एकोणऐंशीची गाडी घेतली.
चाक सोडवलं. आतून छत्तीस निपलं
ॲसिटोननं पुसली, सिलिकॉननं बुजवली,
एक रात्र, एक दिवस वाळू दिलं.
बाबा दारात उभा, हातात आईचा सुपाचा डाव.
जन्मभर त्यानं टायर त्यानंच उचकटले,
जन्मभर आई तो परत मागत आली.

"रिमला आतून कंगोरा आहे का, बघ."
मी बोट फिरवलं. नव्हता.
गुळगुळीत, धुतलेल्या परातीसारखं.
"हवा आहे तोवर टायर आपला आपण बसतो," तो म्हणाला.
"हवा गेल्यावर त्याला अडवायला काहीतरी लागतं."
"बसेल," मी म्हणाले. मी त्याचीच मुलगी.

साबणाचं पाणी, कॉम्प्रेसर.
थाड! आणि दुसऱ्या बाजूनं, थाड!
कुत्रा बाकाखाली.
मग चाक हौदात धरून हळूहळू फिरवलं.
तेविसापर्यंत पाणी शांत.
चोविसाव्या स्पोकच्या बुडाशी एक बुडबुडा,
मोहरीएवढा.
थांबला, फुगला, सुटला.
मग त्याच्या मागून दुसरा.

"मिनिटाला चार," बाबानं मोजले.
आणि पाण्यावरची नजर न काढता म्हणाला,
"हॉस्पिटलचं पत्र मार्चातच आलं होतं."

कॉम्प्रेसर आपला आपण सुरू झाला, आपला आपण थांबला.
मला त्याचा पट्टा आठवला.
उन्हाळ्यात ह्याच बाकावर बसून
त्यानं पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं, मग अजून एक.
टोचा मीच शोधून दिला होता.
"बारीक झालास," म्हटलं होतं मी,
आणि तो म्हणाला होता, उकाड्यानं.

काही बोललो नाही. टायर परत उतरवला.
सिलिकॉन खरवडून काढायला बुजवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.
टाल्कम पावडर, नवी ट्यूब,
तिला आधी दोन फुंकरांएवढी हवा, म्हणजे घडी पडत नाही.
डाव त्यानं धरला. हात थरथरत होता,
मी वरून माझा हात ठेवला नाही,
ठेवला असता तर त्यानं डाव टाकला असता.
शेवटची वीतभर कड उरली.
त्यानं जोर लावला, कड आत गेली,
आणि आतून आवाज आला:

फस्स.

"बघ," बाबा म्हणाला, "लगेच सांगितलं."