परक्या भाषेत आक्रोश

माझं नाव तूदा.
आमच्या ताशल्हीतमध्ये त्याचा अर्थ, पुरे.
मुली फार झाल्या की ठेवतात.
(माझ्यानंतरही एक झालीच.
तिचं नाव ठेवताना बापाला काही सुचेना.)

वार्झाझातच्या बाहेर, डांबर संपतं तिथे
प्लायवूडचं एक शहर आहे.
या महिन्यात ते बगदाद असतं,
पुढच्या महिन्यात काबूल,
नाताळाआधी जेरुसलेम.
वारा सुटला की जेरुसलेमचे पोपडे उडतात
आणि आतलं बगदाद दिसायला लागतं.

मी तिन्ही गावांत विधवा आहे.
घरी नवरा आहे. दात दुखतो म्हणून बसून असतो.

पहाटे चारला टॅक्सी येते, सहाजणींच्या जागेत नऊ.
अब्देलघानी वहीत नावं लिहीत नाही, आकडे लिहितो:
रडणाऱ्या बारा, पळणाऱ्या वीस.
मेलेलीला तीस दिरहम जास्त,
उन्हात पडून राहावं लागतं म्हणून.
माझ्या ओढणीच्या काठाला लोकरीचे गोंडे आहेत,
पिवळे, केशरी, मीच केलेले.
कपडेवाली पोर दरवेळी ती काढून घेते,
नीट घडी घालते, म्हणते, फार आनंदी दिसते ही.
मग ट्रंकेतून काळं काहीतरी येतं.
त्याला आधीच्या बाईच्या घामाचा वास असतो.
आधीची बाईही मीच.

'कट' म्हणजे पुरे, हे कळलं त्या दिवशी
मला हसू आवरेना.
दिवसभर माझंच नाव पुकारतायत की हे.

मग एका उंच दिग्दर्शकानं दुभाष्याकरवी सांगितलं:
आज कॅमेरा तुझ्यावर. चार सेकंद.
मुलगा मेलाय. ओरड.
काय ओरडू?
तुमच्या भाषेत काहीही. अर्थाशी काम नाही.

मी धुळीत गुडघे टेकले, छाती पिटली,
आणि डोंगरापलीकडे हाक पोचवणाऱ्या
आईच्या गळ्यानं ओरडले:
अब्देलघानी, दोन दिवसांचे पैसे कुठायत!
सिलिंडर संपलाय!
शेळी दोर कुरतडून हिंडतेय!
आणि ही चप्पल माझ्या मापाची नाही!

कट.
उंच माणसाचे डोळे भरून आले होते.
मला पाण्याची बाटली मिळाली. गार.

दीड वर्षानं भाचा लियाँहून आला,
त्याच्या फोनमध्ये तो सिनेमा.
साखरेच्या सुळक्याला फोन टेकवला,
आम्ही सतरा बायका, वर पोरं.
माझं तोंड पडदाभर आलं
आणि सगळं घर हसत सुटलं,
कुणाचा चहा कुणाच्या मांडीवर.
खाली अक्षरं उमटली, भाच्यानं वाचून दाखवली:
परक्या भाषेत आक्रोश.

केल्तूम तेवढी हसली नाही.
तिचा मुलगा बेटांकडे नावेतून निघाला होता,
तीन वर्षं झाली.
तिनं विचारलं, परक्या म्हणजे कुणाच्या?
भाचा बाहीनं फोन पुसत राहिला.

या हिवाळ्यात तिंघीरची एक पोरगी आली,
चिखलाचे बूट, लहानसा कॅमेरा,
ताशल्हीत आमच्याहून जरा वेगळी, पण कळणारी.
म्हणाली, ओढणी असू दे.
मी सवयीनं विचारलं, कोण मेलंय?
कुणी नाही.
मग मी काय करू?
रोज या वेळी काय करता?

मी चहा टाकला.
बगदादमध्ये कधी थरथरला नाही
तो हात पुदिना खुडताना थरथरला.
गोंडे किटलीत बुडायला लागले, ते मागे टाकले.
सांगायचं म्हटलं तर काहीच आठवेना,
शेळीसुद्धा.
पोरगी वाट बघत होती.
बराच वेळ झाला, माझं नाव कुणी पुकारलं नाही.
चहा गार झाला.
मी दुसरा टाकला.